चिमाजीचे खिसे

पिंपरी गावात कुणाची बैलजोडी देखणी आणि कुणाच्या विहिरीला पाणी जास्त, यावरून माणसं हमरीतुमरीवर यायची. पण सगळ्यात चोख खिसा कुणाचा, याबद्दल कधी दुमत झालं नाही. तो चिमाजीचा. त्या खिशात कधी बिडी नव्हती, तंबाखूची चंची नव्हती, आणि काडेपेटी तर नव्हतीच नव्हती.

चिमाजी सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होता. पहाटेची गाडी धरून खडकीच्या बाजूला जायचं आणि दिवसभर बंदुकीची दारू मापानं भरायची. तिथं एका काडीनं काय होतं, हे शहाण्याला सांगायची गरज नाही. म्हणून फाटकावर रोज झडती व्हायची. टोपी काढा, वहाणा काढा, खिसे उलटे करा, हात वर. आत गेलं की घरचे कपडे उतरवून कारखान्याचे बिनखिशाचे कपडे चढवायचे. कुणाकडे काडी सापडली तर त्याची नोकरी जायची, आणि गावात तोंड दाखवायची सोय उरायची नाही.

चिमाजीची एक तऱ्हा होती. रांगेत आपली पाळी यायच्या आधीच तो दोन्ही खिसे स्वतःच बाहेर ओढून ठेवायचा. शेळीच्या कानांसारखे ते दोन बाजूंना लोंबायचे. फाटकावरचा जमादार लक्ष्मणराव पलटणीतून आलेला, मिशीला पीळ देणारा, सगळ्यांवर डाफरणारा. पण चिमाजी समोर आला की तो नुसती मान हलवायचा. गोऱ्या साहेबाचा अंमल गेला, आपलं सरकार आलं, साहेब बदलले. चिमाजीचे कान लोंबायचे ते लोंबतच राहिले.

घरीसुद्धा हा माणूस काडीला हात लावत नसे. कंदील बायकोनं लावायचा, चूल बायकोनं पेटवायची. काडेपेटी शालनबाई चुलीवरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि त्या फळीकडे चिमाजी बघतसुद्धा नसे. एकदा गावानं होळी पेटवायचा मान दिला, तर पठ्ठ्या हात मागं बांधून लांब उभा राहिला. "हाताला सवय लागली की हात आपसूक खिशात जातो," असं त्याचं म्हणणं होतं.

आणि अशा माणसाचा एकुलता एक पोरगा सिगारेट ओढायला लागला.

ज्योतीराम हा त्यांच्या आळीतून पुण्याच्या कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. त्याचं कौतुक म्हणाल तर विचारू नका. तो वहीचं पान उलटायला लागला तरी शालनबाई शेजारणींना "हळू बोला गं" म्हणायची. कॉलेजात जायचं म्हणून चिमाजीनं त्याला काळा कोट शिवून दिला होता. असा कोट आळीत दुसरा नव्हता. तो घालून ज्योतीराम स्टेशनाकडे निघाला की शेतातली माणसं काम थांबवून बघायची, आणि ज्योतीरामही, खोटं कशाला बोला, जरा हळूच चालायचा.

पण गाडीत पाऊल टाकलं की सगळा तोरा उतरायचा. चिंचवडला चढलेला उद्धव आणि त्याचं टोळकं दारापाशी उभं असायचं, आणि त्यांच्या बोटांत सिगारेटी असायच्या. उद्धव वकिलाचा मुलगा, बोलायला तिखट. सिगारेट ओढता येत नाही म्हणजे इंग्रजी वाचता येत नाही, अशी त्या टोळक्याची पक्की समजूत होती. ज्योतीरामला इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं यायचं, पण "काय पाटील, हुरडा आणलात का?" असं उद्धव म्हणाला की त्याचे कान तापायचे. एका दिवशी त्यानं सिगारेट घेतली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, टोळकं हसलं. दुसऱ्या दिवशी ठसका कमी लागला. महिन्याभरात पिंपरी स्टेशनाबाहेरच्या सिंधी चहावाल्याकडून तो स्वतः सुटी सिगारेट घ्यायला लागला, आणि दसऱ्यापर्यंत अशी गत झाली की गाडी यायच्या आधी एक ओढली नाही तर पहिल्या तासाला काय शिकवलं ते डोक्यात शिरेना.

अडचण होती ती काड्यांची. पेटी खिशात खुळखुळते, आणि त्या घरात तो आवाज सापाच्या फुत्कारासारखा ऐकू आला असता. म्हणून ज्योतीराम आईच्या डब्यातल्या काड्या उचलायचा. जास्त उचलल्या तर तिच्या ध्यानात येईल, म्हणून पेन्सिल तासायच्या पात्यानं एका काडीच्या उभ्या दोन करायचा, टोकाच्या गुलासकट. घासायला पेटीची फाडलेली पट्टी रसायनाच्या पुस्तकात ठेवायची आणि चिरलेल्या काड्या कोटाच्या आतल्या खिशात. या कलेत त्याचा हात इतका बसला होता की आगगाडीच्या हेलकाव्यातही काडी मोडत नसे. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. या गाढवाला गुलाची कळली होती.

छप्पन्न सालच्या जानेवारीत चिमाजीची पंचवीस वर्षं भरत आली. पंचवीस वर्षं झडतीत ज्याच्यावर बोट ठेवता आलं नाही, त्याला मोठे साहेब फाटकाशेजारच्या कचेरीत खिशातलं घड्याळ देत. खिसा रिकामा ठेवला म्हणून खिशात ठेवायला घड्याळ. चिमाजीला या गोष्टीची मोठी गंमत वाटायची, आणि एरवी न बोलणारा हा माणूस ती येईल त्याला सांगायचा.

घड्याळ मिळायच्या आदल्या संध्याकाळी तो ज्योतीरामला म्हणाला, "ज्योती, उद्याच्या दिवस तुजा कोट देशील का?"

"हे काय विचारणं झालं, आबा?" ज्योतीराम म्हणाला, आणि त्याचा ऊर खरोखर भरून आला. त्यानं गोठ्यामागं जाऊन कोटाचे खिसे रिकामे केले. सिगारेटी काढल्या, पट्टी पुस्तकातच होती, आतल्या खिशात बोट घालून बघितलं. काही नव्हतं. त्या खिशाला तळाशी काडीएवढं भोक होतं, ते बोटाला कळलं नाही. शालनबाईनं कोटाला ब्रश केला, नवऱ्याच्या अंगावर चढवला आणि दोन पावलं मागं सरून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बारा वाजायच्या आत चिमाजी परत आला. हातात घड्याळ नव्हतं. त्यानं कोट काढून खुंटीला लावला, पाय धुतले आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसला. शालनबाई काय झालं, काय झालं म्हणून तीन वेळा विचारून गेली. मग चिमाजीनं पुस्तक घेऊन बसलेल्या ज्योतीरामकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "अस्तर शिवून घे. भोक हाय त्याला."

बस, एवढंच. ज्योतीरामला वाटलं, यापेक्षा पायातली वहाण काढून हाणली असती तर बरं झालं असतं.

बाकीचं त्याला संध्याकाळी सोनबाकडून कळलं. सोनबा शेजारी राहायचा आणि चिमाजीच्याच खात्यात कामाला होता. विहिरीवर पाणी शेंदता शेंदता त्यानं सांगितलं.

"तुज्या बानं नेहमीसारखं खिसं भाईर काडलं. जमादार हसला बी. 'आज नवरदेव दिसताय, चिमाजीराव' म्हनला, आन् कोट कसा झालाय म्हून खालच्या कडंला हात लावला. हाताला कायतरी लागलं. अस्तर उसवलं तर तीन काड्या. त्यापन अर्ध्या अर्ध्या चिरलेल्या! जमादारानं त्या तळहातावर धरल्या. 'चिमाजीराव, हे कुनाचं?' म्हनला."

"मग? आबा काय म्हणाले?"

"कोट माजा हाय, म्हनला. खिसा माजा हाय. फुडं एक सबूद न्हाई. सोमवारी मोठ्या सायबाम्होरं उभं करनार हायेत." सोनबानं पोहरा खाली ठेवला आणि ज्योतीरामकडे नीट बघितलं. "मला काय इचारायचं न्हाई बाबा. पन पंचवीस वर्सं म्हंजी लई झाली."

ज्योतीराम तिथंच विहिरीच्या कडेला बसला. आबांनी एक नाव घेतलं असतं तर सुटले असते. पण मग सबंध रांगेला कळलं असतं की ज्याच्या नावानं ते मान वर करून चालतात तो पोरगा बिड्याफुक्या निघाला. पोराची अब्रू वाचवायला त्यांनी आपली काढून दिली होती, आणि पोरगा बसला होता रसायनाचं पुस्तक घेऊन. त्याला स्वतःची किळस आली.

रविवारी त्यानं चिंचवडला जाऊन उद्धवला सगळं सांगितलं. उद्धव सुरुवातीला हसायला गेला, मग त्याचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "हे बघ," तो म्हणाला, "म्हाताऱ्याला ताकीद देऊन सोडतील. तू कशाला मधे पडतोस? उद्या कॉलेजात कळलं तर?"

"कळंना का," ज्योतीराम म्हणाला. त्याच्या तोंडून गावची बोली निघाली होती, आणि पहिल्यांदाच त्याला तिची लाज वाटली नाही.

सोमवारी तो बापाच्याच गाडीनं निघाला, पण दुसऱ्या डब्यातून. फाटकापाशी पोचला तेव्हा सकाळच्या पाळीची रांग लागली होती आणि चिमाजी कडेला, टोपी हातात घेऊन उभा होता. मोठे साहेब नागपूरकडचे, उंच, चष्मेवाले. ते कचेरीतून बाहेर येऊन कागदाच्या पुडीतल्या काड्या बघत होते.

"साहेब," ज्योतीराम मोठ्यानं म्हणाला, "त्या काड्या माझ्या आहेत."

"ज्योती, घरी जा," चिमाजी म्हणाला.

"न्हाई जात, आबा." जन्मात पहिल्यांदा त्यानं बापाचा शब्द मोडला. "साहेब, मी यांचा मुलगा. कॉलेजात शिकतो. सिगारेट ओढतो. कोट माझा आहे. आबांनी आयुष्यात काडी ओढलेली नाही."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बापाला वाचवायला मुलं वाटेल ते बोलतात. मी कसं मानू?"

"काड्या बघा, साहेब. चिरलेल्या आहेत. आईच्या पेटीतल्या कमी झालेल्या दिसू नयेत म्हणून मी चिरायचो. आबांना विचारा, काडी चिरता येते का ते."

चिमाजीनं मान खाली घातली. काडी चिरता येते हेच त्याला शनिवारी पहिल्यांदा कळलं होतं.

"तुला येते? दाखव," साहेब म्हणाले.

"इथं?" लक्ष्मणराव एवढ्या जोरात ओरडला की रांगेतले दोघं दचकले. "फाटकापाशी काडी? सायेब, रस्त्याच्या पल्याड चला!"

मग काय, वरातच निघाली. पुढं साहेब, मागं ज्योतीराम, त्याच्या मागं जमादार आणि टोपी हातात धरलेला चिमाजी, आणि रात्रपाळी सुटलेली शंभरेक माणसं. रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात मालकानं काडेपेटी पुढं केली. ज्योतीरामनं कंपासपेटीतलं पातं काढलं. पहिली काडी मोडली. कुणीतरी मागून हसलं. त्यानं श्वास घेतला, दुसरी काडी बाकावर धरली, पातं गुलावर टेकवलं आणि अलगद दाबत खाली नेलं. काडीचे दोन सरळ तुकडे झाले, दोन्हींना अर्धा अर्धा गुल. साहेबांनी पुडीतली काडी शेजारी ठेवली. दोन्हींत काही फरक नव्हता.

"लई शिकलं की पोरगं कालेजात!" गर्दीतून आवाज आला, आणि सगळे हसले.

ज्योतीरामचं तोंड लालबुंद झालं, पण तो जागचा हलला नाही. त्यानं पातं खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "हसा. हसण्यासारखंच केलंय मी. पण आबांच्या खिशाला डाग लागलाय तो माजा हाय, त्यांचा न्हाई. आजपासनं काडीबी न्हाई आन् सिगारेटबी न्हाई." नंतर कुणी हसलं नाही.

साहेबांनी पुडी मिटली. "माणसाला कामावर घ्या," ते जमादाराला म्हणाले. "पण काडी फाटकापर्यंत आली, ते मला पुसता येत नाही. घड्याळ यंदा नाही. एक वर्ष जाऊ दे. पुढच्या जानेवारीपर्यंत झडतीत काही निघालं नाही, तर बघू."

चिमाजी रांगेत जाऊन उभा राहिला. ज्योतीरामशी तो एक अक्षर बोलला नाही. पण त्या रात्री जेवताना त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि शालनबाईला म्हणाला, "समद्यांम्होरं बोललं गं पोरगं. सायबाच्या डोळ्याला डोळा देऊन." हे तो पोराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला.

"आन् मी म्हनत हुते, काड्या अशा कशा सरत्यात," शालनबाई म्हणाली. तिनं पदराला डोळे पुसले, आणि त्याच बैठकीत कोटाचं अस्तर दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकलं.

फाटकावर बोलणं सोपं होतं. खरी कसोटी लागायची ती गाडीत. पहिले तीन आठवडे ज्योतीरामचं डोकं भणभणायचं. कारण नसताना तो चिडायचा, आईवरही खेकसायचा. बोटं आपसूक आतल्या खिशात जायची, आणि तेव्हा त्याला बापाचं ते हाताच्या सवयीचं म्हणणं पटायचं. शालनबाईनं त्यावर तोडगा काढला: त्या खिशात मूठभर फुटाणे भरून द्यायची. हात गेलाच तर रिकामा यायला नको.

"काय फुटाणेवाले!" उद्धव दारातून ओरडायचा. टोळकं हसायचं. ज्योतीराम फुटाणे खायचा.

मार्चमध्ये परीक्षेच्या दिवसांत मात्र तो घसरला. भौतिकाचा पेपर अवघड गेला होता, फलाटावर उद्धवची सिगारेट जळत होती, आणि त्यानं ती मागून घेतली. दोन झुरके मारले आणि टाकून दिली. घरी आला तो सरळ ओसरीवर गेला.

"आबा, आज वडली."

"किती?"

"दोन झुरकं."

"सांगितलंस, बरं केलंस," चिमाजी म्हणाला. "उद्या न्हाई वडायची." दुसऱ्या दिवशी खिशातले फुटाणे दुप्पट झाले होते. त्यानंतर ज्योतीरामनं सिगारेट हातात धरली नाही.

उद्धवचं सांगायचं तर, दिवाळीच्या सुमारास त्यानं न बोलता हात पुढं केला. ज्योतीरामनं फुटाणे दिले. उद्धव खोकत होता, आणि क्रिकेटच्या संघातून त्याला दम पुरत नाही म्हणून काढलं होतं. टोळक्यातल्या दोघांनी त्याचं बघून हात पुढं केले. संक्रांतीपर्यंत चिंचवड ते शिवाजीनगर त्या दारापाशी धूर कमी आणि सालपटं जास्त, असं झालं. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी त्या काळच्या डबा झाडणाऱ्याला विचारावं. तो आम्हाला शिव्या घालायचा, असं उद्धव पुढं कितीतरी वर्षं अभिमानानं सांगायचा.

सत्तावन्नचा जानेवारी आला. बारा महिने झडतीत काही निघालं नव्हतं. घड्याळ मिळायच्या आदल्या संध्याकाळी चिमाजी ओसरीवर बसून होता. ज्योतीराम वाट बघत होता आणि घाबरलाही होता. आबा जुनी बंडी घालून जातील, आणि तसं त्यांनी केलं तर त्यांना दोष देता येणार नाही, हे त्याला कळत होतं.

"ज्योती," चिमाजी म्हणाला, "उद्याच्या दिवस तुजा कोट देशील का?"

ज्योतीरामनं उठून कोट आणला आणि बापाच्या हातात ठेवला. चिमाजीनं तो घडी करून उशाशी ठेवला. खिशात हात घातला नाही, अस्तर चाचपलं नाही.

सकाळी दोघं एकाच डब्यातून गेले. ज्योतीराम रस्त्यापलीकडे, चहाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. रांग पुढं सरकत होती. चिमाजीच्या पुढं पाच माणसं राहिली, तीन राहिली, एक राहिलं, आणि ज्योतीरामच्या ध्यानात आलं की आज आबांचे खिसे बाहेर लोंबत नव्हते. सव्वीस वर्षं रोज स्वतःच्या हातानं उलटे केलेले खिसे आज जागच्या जागी होते.

लक्ष्मणरावालाही ते दिसलं. त्यानं झडती सुरू केली. गेल्या वर्षापासून तो कुणालाच सोडत नव्हता. बाहेरचे खिसे झाले. खालची कड झाली. मग त्यानं आतल्या खिशात हात घातला, आणि हात तिथंच थांबला.

मागची माणसं वाकून बघायला लागली. ज्योतीराम पायरी उतरून रस्त्यावर आला. काल संध्याकाळी आनंदाच्या भरात त्यानं खिसा बघितलाच नव्हता.

जमादारानं मूठ बाहेर काढून उघडली. हातावर सात-आठ फुटाणे होते.

"चिमाजीराव," लक्ष्मणरावानं मिशी दाबत विचारलं, "हे कुनाचं?"

वर्षापूर्वी त्याच जागी ज्या प्रश्नाला चिमाजीनं खाली मान घालून उत्तर दिलं होतं, त्याच प्रश्नाचं उत्तर आज त्यानं मान वर करून दिलं, आणि ते रांगेच्या टोकापर्यंत आणि रस्त्याच्या पलीकडेही ऐकू गेलं.

"कोट माज्या पोराचा हाय! फुटानंबी त्येचंच हायेत."

लक्ष्मणरावानं एक फुटाणा तोंडात टाकला, बाकीचे नीट मोजून परत त्याच खिशात घातले, आणि चिमाजीला आत सोडलं.